एकेचाळीस पावलं

१

दुपारी जेवलो की मी ओट्यावर आडवा होतो. डोक्याखाली वीट, विटेवर दुपट्टा. कोणाला हसायचं असेल तर हसा, उशीवर माझी मान धरते. बत्तीस वर्षं रेल्वेत गँगमन होतो. पुलाखाली, झाडाखाली, जिथं सावली सापडेल तिथं अर्धा तास पडायचं. विटेची सवय तिथली.

त्या दिवशी ऊन कडक होतं. डोळा लागला होता की नव्हता, सांगता येत नाही. लाईनीकडून कोणीतरी हाक मारली, "बोल!"

मी डोळे न उघडता म्हटलं, "मोकळं!"

तोंडातून शब्द गेला आणि मी उठून बसलो. लाईनीवर कोणी नव्हतं. एक शेळी होती, तीही आपल्या कामात.

ही हाक काय असते ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. रुळाच्या दोन्ही बाजूंना आणि वर किती जागा रिकामी पाहिजे हे सरकारनं ठरवून दिलं आहे. खांब, सिग्नल, पुलाचा कठडा, झाडाची फांदी, काहीच त्या जागेत येता कामा नये. ते तपासायला आमच्याकडे एक चौकट होती. सगळ्यात मोठ्या डब्याच्या मापाची, लाकडी, पांढरी रंगवलेली, ढकलगाडीवर उभी केलेली. मधात काही नाही, नुसती कड. कडेला हात-हात अंतरावर लोखंडी बोटं, बिजागरीवर बसवलेली. चौघं ढकलायचे, दोन बाजूंना दोघं चालायचे. पूल आला, खांब आला की मुकादम थांबवायचा आणि म्हणायचा, "बोल!" बाजूच्या माणसानं लोखंडी बोट आणि खांब यांच्या मधातून आपला हात घालून पाहायचा. हात गेला तर "मोकळं". नाही गेला तर "अडते". मोकळं म्हटल्याबिगर चौकट पुढं जात नाही. आणि अडते म्हटलं की त्या वस्तूवर चुन्याची रेघ. पंधरा दिवसांत ती वस्तू तिथून गेली पाहिजे, मग ती कोणाच्या बापाची असो.

बत्तीस वर्षांत हात घातल्याबिगर मी एकदाही मोकळं म्हटलेलं नाही. अन त्या दिवशी विटेवर डोकं ठेवून म्हटलं.

सवय आहे, म्हटलं. म्हाताऱ्याचं स्वप्न. तोंड धुतलं आणि चहा मांडला.

२

माझं घर लाईनीच्या पूर्वेला, जऊळक्याच्या अलीकडे, गावापासून जरा सुटं. निवृत्त झाल्यावर बांधलं. लोक लाईनीच्या कडेला गोठे घालतात, कडब्याच्या गंज्या रचतात, मग गाडीतून कोणी बिडी फेकली की बोंबलतात. मी तसा नाही. रेल्वेची परवानगी काढली, ना-हरकतीच्या कागदासाठी चार वेळा वाशीमला गेलो, हद्दीच्या दगडापासून जेवढं सोडायचं त्याहून हातभर जास्तच सोडलं. शेजारच्या रवीनं टिनाचं शेड हद्दीत घातलं होतं, ते मी अर्ज देऊन काढायला लावलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

रुळापासून माझ्या भिंतीपर्यंत एकेचाळीस पावलं. गँगमनचं पाऊल म्हणजे स्लीपर. एका स्लीपरवरून दुसऱ्यावर, रोज सहा किलोमीटर, बत्तीस वर्षं. गुडघ्याला दुसरं माप माहीतच नाही. टेपनं सव्वीस मीटर भरतात, पावलानं एकेचाळीस. घर बांधल्यापासून तेवढीच.

लाईनीकडच्या खोलीत माझी बायको भागिरथा असते. दिवाळीच्या आधी न्हाणीत पडली, खुब्याचं हाड गेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात चिरफाड झेपायची नाही, निजून राहू द्या. तेव्हापासून खाटेवर. खाट खिडकीला लावलेली आहे, भिंतीला चिकटून. घरात मुलगा संघपाल आणि सून रूपा आहेत. तो मालेगावला बी-बियाण्याच्या दुकानात जातो, ती अंगणवाडीत. दुपारी आम्ही दोघं बुढा-बुढीच असतो.

हाकेला दोन दिवस झाले असतील. चारची गाडी गेली आणि भागिरथानं आतून आवाज दिला.

"आयकलं काय वो?"

"काय?"

"त्या बाईच्या हातात बारा बांगड्या होत्या."

"कोन बाई?"

"गाडीतली. खिडकीत बसेल होती. हिरव्या धा, अन दोन लाखेच्या."

"चालत्या गाडीतल्या बांगड्या मोजल्या तुनं?"

"मंग? मले दुसरं काय काम हाये?"

मी म्हटलं, बुढीला दिवसभर पडून भास होत आहेत. पण भागिरथा भास होणाऱ्यातली नाही. ती मोजणारी आहे. जिन्नस आणला तर पिशवीतली लिंबं मोजते.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी रुळाला टाच टेकवून मी पावलं टाकली. हे काहून केलं ते मलाच माहीत नाही. अडतीस भरली.

मोजण्यात चुकलो असेन, म्हणून परत मोजली. अडतीस.

ओट्यावर बसून विचार केला. माणूस म्हातारा होतो तसं पाऊल आखूड होतं. माझं तर झालंच आहे, रूपा म्हणते मामाजी पाय घासून चालतात. पाऊल आखूड झालं तर पावलं वाढली पाहिजेत. पंचेचाळीस भरली असती तर मी गप बसलो असतो. कमी कशी होतील?

आठवड्यानं चौतीस झाली.

संघपालला सुटी होती तेव्हा त्याला टेप घेऊन नेलं. तो रुळाजवळ, मी भिंतीजवळ.

"सव्वीस मीटर अन चार सेंटीमीटर," तो ओरडला. "झालं का समाधान?"

"पुन्हा पाह्य."

"बाबा, रूळ सरकते का घर सरकते? एक काहीतरी सांगा."

"मी म्हनलं का सरकते म्हणून?"

"मंग कायले उन्हात उभं केलं मले?"

मी त्याला काय सांगणार? याच पोराला लहानपणी मी चिंचेखालून अंधारात चालवत नेलं आहे, भूत नसते हे दाखवायला. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, बावीस प्रतिज्ञा चौकटीत लावलेल्या आहेत. गावात भगत आला होता तर मी त्याला स्टँडपर्यंत पोचवून आलो. आता मीच म्हणू, की टेपला सव्वीस आहे पण माझ्या पायाला चौतीस आहे?

टेप गुंडाळला. सव्वीस आहे तर सव्वीस, म्हटलं.

संघपाल मोटारसायकल पुसायला गेला. मी त्याच्या पाठीमागं परत मोजली. तेहेतीस.

४

त्या खोलीत मी दुपारी बसायला लागलो. ओट्यावरची झोप सोडली.

खोली लहान आहे. एक खाट, एक फळी, फळीवर भागिरथाची भांडी, औषधाच्या बाटल्या. खिडकीला पाच गज. भिंत आतून निळी, त्यावर पावसाळ्यात आलेल्या ओलीचा एक डाग, पायलीसारखा. गाडी येणार असली की आधी फळीवरचं ताट सांगतं. बारीक किणकिणतं, मग थांबतं, मग गाडीचा आवाज येतो. हे नेहमीचं आहे. जमिनीतून येतं.

आता ताट वाजायच्या आधी खाट वाजायला लागली.

आणि सावली. लाईन पश्चिमेला, म्हणून तिसऱ्या प्रहरी डब्यांची सावली आमच्या बाजूला पडते. पण चार वाजता डब्याची सावली डब्याएवढीच लांब. सव्वीस मीटर यायला सूर्य पार टेकावा लागतो. मी सावल्यांत काम केलं आहे, मला कोणी शिकवू नये.

त्या दिवशी चारची गाडी आली आणि निळ्या भिंतीवर उजेडाचे चौकोन चालायला लागले. एकामागून एक, खिडक्यांचे. चौकोनात डोकी होती. कोणाचं टेकलेलं, कोणाचं वळलेलं. एक डोकं डुलक्या घेत होतं. भागिरथाच्या तोंडावरून ते चौकोन जात होते आणि ती हसत होती, लग्नाच्या मांडवात बसल्यासारखी.

वाईट वाटावं तसं काही नव्हतं, हे खरं सांगतो. खोलीत थंड वाटत होतं. पंखा बंद होता तरी वारा येत होता, प्रवासातला. कोणीतरी डब्यात पुरीभाजी सोडली होती, त्याचा वास आला. मलाही क्षणभर वाटलं, कुठं निघालो आहोत, आणि बरं आहे निघालो ते.

गाडी गेली. मी घड्याळ पाहिलं. चारची गाडी आमच्या घरापुढून जायला अर्धा मिनिट घेते. मघाशी मी तिच्याकडं किती वेळ पाहत होतो? बाहेर शेळ्या परत निघाल्या होत्या. सव्वापाच वाजले होते.

५

"माहा पेला गेला," भागिरथा म्हणाली.

"कुठं गेला?"

"तिले पाणी पाह्यजे होतं. देला."

"कोनाले?"

"बारा बांगड्यावालीले. चांगली बाई हाये वो. म्हने, किती दिवसाची पडून हाये तू माय. मी म्हनलं, दिवाईपासून. म्हने, आमच्या इथं जागा हाये."

मी गजांतून हात बाहेर घालून पाहिला. बाहेर नुसती ऊन खाल्लेली हवा. खिडकीखाली पेला पडला असेल म्हणून बाहेर जाऊन पाहिलं. नाही. लाईनीपर्यंत गेलो, पाहत पाहत. खडी, कोरडं गवत, वरच्या विजेच्या तारा. येताना मोजली नाही मी पावलं. पाय मोजतात ते थांबवता येत नाही पण. सतरा.

परत आलो तर ती म्हणाली, "तुमी काहून गेले होते तिकडे? ती काय चोर हाये?"

"कोनती जागा, भागिरथे? काय म्हनली ती?"

"बसाची जागा. मी म्हनलं मले बसता येत नाई. म्हने, बसता येईन. सवय होते."

६

मी उदयसिंगला फोन लावला. उदयसिंग आमचा मुकादम. जिवंत आहे, अकोल्याला मुलाजवळ राहतो, कानानं कमी ऐकतो.

"जय भीम, मुकादम."

"कोन? देवमन? अबे, जिता हाये का अजून?"

"तुमच्या अगुदर कायले मरू? एक इचारतो. हात न घालता कोनी मोकळं म्हनलं त काय होये?"

"कोन म्हनलं?"

"कोनी का म्हनना."

"तू म्हनला असशीन त मी मानत नाई. तू त बाभईच्या फांदीले हात लावून पाहे, मांगची गाडी सिग्नलले उभी राहे, ड्रायव्हर माय-बहीन काढे."

"एखाद्यानं म्हनलं. झोपीत म्हनलं समजा."

"मंग म्हनलं त म्हनलं. मोकळं झालं थे. मंग गाडी येते. गाडीले काय माईत तू झोपला होता म्हणून?"

"वापस घेता येते काय?"

"बोलेल शब्द वापस घेता येते काय? चौकट पुन्हा आनावं लागते. पुन्हा हात घालावं लागते, अन खरं सांगावं लागते."

"अन अडलं त?"

"त चुना. पंधरा दिवस. तुले काय नवीन हाये हे? तब्येत बरी हाये नं?"

"अन माणूस अडला त, मुकादम?"

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मागं टीव्ही चालू होता.

"माणूस कायले अडंन, देवमन? माणूस उठून जाते."

मी फोन ठेवला. खोलीच्या दारातून भागिरथाचे पाय दिसत होते, चादरीखाली, भिंतीकडं. तिला उठून जाता येत नव्हतं.

७

रात्री जेवताना मी म्हटलं, बुढीची खाट मागच्या खोलीत न्या.

"काहून?" संघपाल म्हणाला.

"धूळ येते लाईनीची."

"सात महिन्यापासून नोयती येत?"

रूपा म्हणाली, "मामाजी, आत्याबाईले तिथंच बरं वाटते. आजकाल हासतात, जेवतात. काल मले म्हने, येणी घालून दे."

"मी सांगून राह्यलो नं, न्या म्हणून!"

सकाळी आम्ही दोघांनी खाट उचलायला घेतली. भागिरथानं दोन्ही हातांनी गज धरले. सत्तर वर्षांची बाई, हाताची काडी झालेली, पण गज सोडेना. संघपाल तिची बोटं एक एक करून काढायला गेला तर ती रडायला लागली. लेकरासारखी नाही. बाईसारखी, आवाज न करता.

"कितीक महिने मी छत पाह्यलं," ती म्हणाली. "तुमी सारे आपापल्या कामाले जाता. आता कुठं माह्याशी कोनी बोलून राह्यलं, त तुमाले देखवत नाई."

मी म्हटलं, "मी हाये नं इथं."

"तुमी हाये," ती म्हणाली. "तुमी ओट्यावर झोपता."

संघपालनं खाट खाली ठेवली. माझ्याकडं असं पाहिलं की मी तोंड फिरवलं. "बाबा, तुमाले कोनाचं चांगलं पाहवत नाई. आधी रवीचं शेड, आता मायची खिडकी."

मी त्याला सगळं सांगितलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण समोर भिंतीवर त्या बावीस प्रतिज्ञा होत्या, आणि माझ्याजवळ पुरावा काय होता? माझे पाय.

दोघं कामाला गेले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. रूळ तिथंच होता जिथं असतो. डोळ्यांना लांब दिसत होता. पाऊल टाकायची हिंमत झाली नाही.

८

दुपारी मी खाटेवर चढलो. भागिरथाच्या आणि भिंतीच्या मधात.

"हे काय वो?"

"सरक जरा."

"म्हाताऱ्याले काय झालं! सरका, मले दिसत नाई."

"मलेही पाहू दे नं तुही बाई."

त्यावर ती हसली. मग तिनं हातानं रेटून रेटून आपलं अंग थोडं अलीकडं घेतलं. मी भिंतीला पाठ लावून, तिच्याकडं तोंड करून निजलो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आम्ही दिवसा असे निजलो नव्हतो. तिच्या केसाला खोबऱ्याच्या तेलाचा वास होता. रूपानं वेणी घातली होती.

माझा हिशेब साधा होता. चौकट पुन्हा आणायची, हात घालायचा, खरं सांगायचं. तेवढंच नियमात बसत होतं. पण आणायची कशी ते मुकादमनं सांगितलं नव्हतं. म्हणून पहिली हाक आली तेव्हा मी जे करत होतो तेच केलं. डोळे मिटले, दुपारच्या झोपेला जागा करून दिली.

ताट वाजलं नाही. खाटही वाजली नाही. टक टक आवाज आला, हळू, लांबून. रुळाच्या सांध्यावरून चाक जाताना येतो तो. मी झोपेत म्हणालो, आता कुठले सांधे? लहान लाईन जाऊन मोठी आली तेव्हाच सांधे गेले. आता रूळ एकसंध असतो, मैलन् मैल. तरी टक. टक. सांध्यावरून सांध्यावर, चार माणसं ढकलत असल्यासारखं.

माझी पाठ गार पडली. मागं भिंत आहे हे मला माहीत होतं. माझ्या पाठीला तिच्या गिलाव्याची ढेपलं टोचत होती. मग टोचायची थांबली.

"हळू वो," भागिरथा माझ्या खांद्यावरून कोणाला तरी म्हणाली. "म्हातारा हाये."

माझ्या दंडाला लोखंड लागलं. टोचलं नाही. बिजागरी हलली आणि ते बोट माझ्या अंगाला अडून मागं वळलं, जसं वळायला पाहिजे तसं, तेल दिलेलं. मग दुसरं, बरगडीला. तिसरं गुडघ्याच्या मागं. मी मान वळवली असती तर दिसलं असतं सगळं. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला पांढऱ्या लाकडाची कड दिसली, उभी, छताच्या वर गेलेली, आणि तिच्या आत जिथं नुसती हवा असते तिथं हवा नव्हती. तिथं खूप माणसं होती आणि ती सगळी थांबली होती, वाट पाहत, कोणाला घाई नव्हती.

"बोल," कोणीतरी म्हणालं.

बत्तीस वर्षांची सवय. माझा हात आपोआप गेला. लोखंड आणि माझी बरगडी यांच्या मधात मी बोटं घालून पाहिली. जात नव्हती. मग भागिरथाच्या बाजूला घातली, तिच्या अंगाच्या आणि माझ्या मधात. हात गेला. चार बोटं जागा होती.

"बुढी मोकळी हाये," मी म्हटलं. "मी अडतो."

मग टक. टक. लांब जाणारी.

मी डोळे उघडले तेव्हा पाठीला भिंत होती. भागिरथा खिडकीकडं पाहत होती. बाहेर गवत, खडी, रूळ, पलीकडं हरभऱ्याचं रिकामं शेत.

"किती दूर हाये लाईन," ती म्हणाली. "माणसं मुंग्यावानी दिसतात." मग माझ्याकडं वळली. "काहून वापस पाठोलं तुमी त्याईले?"

९

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, कुठंही टाका मले आता. संघपालनं तिची खाट मागच्या खोलीत नेली. माझ्यासाठी या खोलीत दुसरी आणली, खिडकीपासून लांब मांडली. तो गेल्यावर मी ती भिंतीला सरकवली. जिथं अडलं तिथंच राहिलं पाहिजे, नाहीतर चौकट घेऊन ते पुढं बुढीपर्यंत पाहत जातील.

माझ्या दंडापासून बरगडीपर्यंत एक रेघ आहे. पांढरी, बोटभर रुंद. रूपानं साबण लावून घासली, घासलेट लावून घासली. म्हणाली, मामाजी, हे कातडीचं काहीतरी आहे, वाशीमला दाखवू. मी म्हटलं, दाखवू पंधरा दिवसांनी. आज चौदावा आहे.

संघपाल, हे तुझ्यासाठी लिहितो आहे. बोलून सांगितलं तर तू मला डॉक्टरकडं नेशील. मी भूत मानत नाही. आजही नाही. हे भूत नाही, हे काम आहे, आणि कामाला नियम असतो. म्हणून एवढंच कर: या खोलीत दुपारी कोणाला निजू देऊ नको. पाहुणा असो, लेकरू असो. आणि कोणी बाहेरून हाक मारली तर आधी उठून हात घालून पाहावं, मग बोलावं. मायला इकडं आणू नको. तिनं कितीही म्हटलं तरी.

भागिरथा माझ्याशी नीट बोलत नाही. रागावली आहे. पण चार वाजत आले की मागच्या खोलीतून तिचा आवाज येतो. अजून तिला आस आहे, मला कळते. ती बांगड्यावाली बाई रोज भागिरथाचं नाव घेऊन विचारते. मी रोज सांगतो, ती इथं राहत नाही. बत्तीस वर्षांत मी खोटं बोललो नाही, आता रोज बोलतो. तिकडंही आणि इकडंही.

"आली काय वो गाडी?" आताच भागिरथानं विचारलं.

"नाई आली," मी म्हटलं.

डब्यातल्या बाकावरची माणसं माझ्यासाठी सरकून बसली.